घरपट्टी रुमालाखाली

पोस्टाच्या कार्डाचा भाव करणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, एका भिंतीआड त्याचा शेजार केलाय. तेव्हा सांगायचा हक्क मला आहे.

कार्डाला त्या वेळी तीन पैसे पडत. दस्तूचाचा पोस्टाच्या खिडकीशी उभा राहायचा, मागे रांग खोळंबलेली, आणि हा पोस्टमास्तरांना विचारायचा, "मालक, ह्ये कार्ड कुटं निगालंय? कराडला. कराड काय लांब हाय? आन् कलकत्त्याला धाडलं तरी तुमी तीनच पैसं घेता. मंग कलकत्तेवाल्याचं गाडीभाडं म्या का भरायचं? दोनावर तोडा!"

पोस्टमास्तर सरकारी पुस्तक काढून दाखवायचे. "पुस्तक ऱ्हाऊ द्या, मालक. पुस्तकाशी म्या बोलत न्हाई. तुमी बोला." शेवटी रांगेतून कुणीतरी ओरडायचं, "आरं चाचा, माझ्याकडनं पैसा घे, पन सर बाजूला!" मग चाचा तीन पैसे ठेवायचा, कार्ड उचलायचा आणि जाता जाता म्हणायचा, "बरं, पुढच्या खेपंला बगू." म्हणजे सौदा त्याच्या बाजूने उघडाच. पोस्टमास्तर पाच वर्षांनी बदलून गेले तेव्हा हा सौदा तसाच लोंबकळत होता.

त्याचं नाव दस्तगीर. धंदा हेडीचा. हेडी म्हणजे बैलबाजारातला मधला माणूस. विकणारा एकीकडे, घेणारा एकीकडे, आणि दोघांच्या मध्ये हा. खरसुंडीची जत्रा म्हणू नका, वडूजचा बाजार म्हणू नका, जिथं म्हणून बैल उभा राहील तिथं दस्तूचाचा उभा. बैलाच्या शेपटीला हात लावून त्याची खोड सांगायचा असं लोक म्हणत. मला बैलातलं काही कळत नाही, पण चाचाच्या खांद्यावरचा रुमाल मात्र मी चांगला ओळखतो. मोठा, चौकडीचा, धुऊन धुऊन मऊ पडलेला. बैलाचा भाव चारचौघांत तोंडाने बोलायचा नसतो. दोघांचे हात रुमालाखाली जातात आणि बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. दहाचे का शंभराचे, ते आधी ठरलेलं. तोंडाने वाटेल ते ओरडावं, डोकं आपटावं, "मेलो, बुडालो" म्हणावं, खरा भाव काय तो रुमालाखाली. बाहेरच्याला शेवटपर्यंत कळत नाही.

तर या माणसाला भाव केल्याशिवाय जगातली कुठलीही गोष्ट घेता येत नसे. दुसऱ्याची असली तरी. एकदा जोशीबुवांनी माझ्या वडलांची पत्रिका पाहून साडेसाती सांगितली. घरात सगळ्यांची तोंडं उतरली. चाचा ओट्यावर पान लावत बसला होता, तो तिथूनच म्हणाला, "बुवा, साडेसात वर्सं लय झाली. मानूस सादा हाय, पाचावर तोडा." जोशीबुवा चिडले. म्हणाले, "शनी काय तुझ्या बाजारातला खोंड आहे?" चाचा शांतपणे म्हणाला, "ऱ्हायलं. सहा करा. तुमचं बी न्हाई, आमचं बी न्हाई." आणि गंमत सांगतो, साडेसाती सुटेपर्यंत आमचे वडील सहाच वर्षं मोजत होते.

मी नगरपालिकेत वसुली कारकून. गाव आमचं कराड-सांगलीच्या मध्ये, कृष्णाकाठचं. तालुक्याचं ठिकाण सुद्धा नव्हे, पण नगरपालिका होती, आणि नगरपालिका म्हटलं की पट्टी आली. माझा धंदाच असा की मी गल्लीत शिरलो की दारं लागत. चाचाचं दार तेवढं उघडं असे. "या मुन्शिपाल्टी, बसा!" तो मला नावाने कधी हाक मारीत नसे. मीच मुन्शिपाल्टी. "मुन्शिपाल्टी, जेवली का? मुन्शिपाल्टी, पोरीचा ताप उतरला का?" मला हे आवडत नसे असं नाही म्हणता येणार.

पण पैसे मागितले की दुपार गेलीच म्हणून समजा.

"दिवाबत्तीची पट्टी म्या का द्यावी? दारातला दिवा लागतोय कवा?"

"चाचा, लढाई चाललीय. रॉकेल मिळत नाही."

"दिव्याला लढाई हाय, मंग खांबाला न्हाई का? खांब माज्या दारात उबा. त्याचं जागंचं भाडं धरा आन् वजा करा."

"त्या खांबाला तुम्ही बैल बांधता की!"

"बैल बांधतो म्हनून खांब उबा हाय. न्हाईतर पोरांनी कवाच उपटला आसता. त्याची राखन येगळी धरा."

असं दिवेलागणीपर्यंत चालायचं. चहा दोनदा यायचा. शेवटी तो दोन आण्यांवर येऊन अडायचा, आणि ते दोन आणे मी माझ्या खिशातून घालून पावती फाडायचो. नगरपालिकेची वसुली पूर्ण, चाचाची शान पूर्ण, भुर्दंड मला. माझी बायको म्हणायची, अशा वसुलीने एक दिवस आपलंच घर लिलावात निघेल.

आमच्या दोन घरांत भिंत एकच. त्याची बायको आमिनाबी होती तोवर त्या भिंतीपलीकडे रोज बाजार भरलेला असे. ती त्याच्यावर वरताण. चाचा जत्रेला निघाला की उंबऱ्यात उभी राहायची.

"कवा येनार?"

"आठ दिस."

"चार."

"खरसुंडी काय हितं हाय? सात."

"पाच. आन् बांगड्या."

"सहा. बांगड्या न्हाईत."

"सहा, आन् बांगड्या."

झाला सौदा. सहाव्या दिवशी चाचा बांगड्यांसकट दारात. एकदाही चुकला नाही. लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी आमिनाबी गेली. मूलबाळ नव्हतं. भिंतीपलीकडे एकदम गप्प झालं. आणि मग एका संध्याकाळी मी जेवत होतो, तर पलीकडून आवाज आला. "दोन भाकरी घाल." "दोन कशाला? एक बास." "एकीनं काय हुतंय गड्या?" "बरं, दीड. आता वर जायाचं न्हाई." मला वाटलं, पाहुणा आलाय. सकाळी विचारलं, तर म्हणाला, "कोन न्हाई बा." माझी बायको म्हणाली, "अहो, ते एकटेच बोलतात." मला तेव्हा हसू आलं. दीड भाकरीचा सौदा स्वतःशीच करणारा माणूस, हसू येणारच.

त्यानंतर त्याला भाव करायला रोजचं असं एकच माणूस उरलं, चंद्राक्का. गल्लीच्या तोंडाशी तिचं दोन खणांचं घर. नवरा वारलेला, एक मुलगी वडूजला दिलेली, मुलगा सदा पलटणीत. आक्काची एक म्हैस होती आणि तिचं दूध ती दारोदार घालायची. सकाळी तिची चरवी चाचाच्या ओट्यावर टेकली की आम्ही घड्याळ लावून घ्यावं.

"आक्का, आज दूध निळं दिसतंय."

"तुमच्या डोळ्यांत फूल पडलंय, चाचा. ते आधी दाकवा कुनाला."

"पानी म्हशीला पाजता का दुधाला?"

"दोगास्नी पाजती. तुमास्नी बी पाजू?"

"आन्याला अच्छेर द्या."

"दीड आना. न्हाईतर शेळी पाळा आन् तिच्यासंगं घाला वाद!"

अच्छेराला, म्हणजे अर्ध्या शेराला, दीड आणाच ठरायचा. रोज. कालचाच भाव आज नव्याने ठरवायचा, त्यात दोघांनाही कमीपणा वाटत नसे. आक्का शिव्या देत पुढच्या घराकडे जायची आणि चाचा दूध घेऊन, स्वतःशी खूश होऊन, आत जायचा.

आता या आक्काच्या पट्टीची गोष्ट. सदाला भरतीवाल्यांनी नेलं तेव्हा त्यांच्यातला एक साहेब तिला म्हणाला होता, "बाई, तुमच्या घराची काळजी आता सरकारला." आक्काने ते मनात धरलं. सरकार काळजी घेतंय म्हणजे घरपट्टीही सरकारच भरतंय, असा तिने सरळ हिशेब केला. पलटण वेगळी आणि नगरपालिका वेगळी, हे मी तिला दरसाल सांगायचो. ती म्हणायची, "तुमी त्येंच्याच्यात बोलून घ्या. मला मधी घालू नगा." मी नोटीस द्यायचो, ती नोटीस चरवीखाली चुंबळीसारखी घालायची. नवऱ्याच्या वेळची थकबाकी होतीच, तिच्यावर ही वर्षं चढली, दंड चढला, नोटिसांची फी चढली. साठ रुपये झाले. म्हैस विकली तरी फिटायचे नाहीत, आणि म्हैस विकल्यावर खायचं काय?

अशात आम्हाला नवे चीफ ऑफिसर आले. पुण्याकडचे, तरुण, टापटीप. माणूस वाईट नव्हता, पण जुनी थकबाकी त्यांच्या डोळ्यांत खुपायची. त्यांनी ठरवलं, जो एकरकमी तडजोड करील त्याचं काही सोडून द्यायचं, आणि जो करणार नाही त्याचं घर लिलावाला काढायचं. चंद्राक्काच्या घरावर कागद चिकटवायला मलाच जावं लागलं. खळ माझ्या बायकोने करून दिली नाही, ती मी कचेरीतून नेली.

आक्का कागदाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "सदाचं कागुद न्हाई किती दिस झालं. मलायाकडं गेलाय म्हनत्यात. जित्ता असंल, पकडला असंल, काय कळना. पन आला तर त्यो कुटं यील? ह्योच दरवाजा त्याला ठावं हाय. हितं दुसरंच कोन बसलं आसंल, तर पोरानं जायाचं कुटं?" घर गेलं तर तिला वडूजला लेकीच्या दारात जाऊन राहावं लागणार होतं, हे सगळ्या गल्लीला कळत होतं.

गल्लीने वर्गणी केली. नाही केली असं नाही. चार बायका पैसे घेऊन गेल्या, तर आक्काने त्यांना चुलीपाशी सुद्धा येऊ दिलं नाही. "म्या दूध इकती. भीक मागत न्हाई. कुनाचं पैसं हातात घिऊन त्या घरात म्या झोपू कशी?" पैसे जसे गेले तसे परत आले. तिच्याकडे स्वतःचे वीस रुपये होते, ते ती पदराच्या गाठीत घेऊन फिरत होती.

त्या आठवड्यात मला पोस्टमास्तर रस्त्यात भेटले. चेहरा काळजीचा. म्हणाले, "तुमच्या शेजाऱ्यांची तब्येत बरी आहे ना? आज त्यांनी कार्ड घेतलं. तीन पैसे ठेवले आणि गेले. बोलले नाहीत काही." मी पण चपापलो. घरी येऊन भिंतीला कान लावला तर पलीकडे भाकरीचाही वाद नव्हता.

दुसऱ्या दिवशी चाचा कचेरीत आला. खांद्यावर रुमाल, तोंडात पान.

"मुन्शिपाल्टी, आक्काचा सौदा म्या करनार."

"चाचा, हा काय बैल आहे?"

"बैल न्हाई, पट्टी हाय. पन इकनारा हाय का न्हाई? हाय. देनारा हाय का न्हाई? हाय. मंग मधी हेडी नको? सायबाला सांगा."

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तडजोड करायला कुणाचीच हरकत नाही. बाईंना घेऊन या म्हणावं, रक्कम सांगा, कमिटी ठरवील." तोवर चाचा मागे येऊन उभाच राहिला होता. "रक्कम तोंडानं बोलायची न्हाई, मालक. आज म्या हितं आकडा बोललो, तर सांच्यापातूर गावात जाईल आन् उद्या समदं गाव त्याच आकड्यावर बसंल. मंग तुमी काय कराल?" साहेब जरा विचारात पडले. आमचे प्रेसिडेंट हळदीचे अडत्ये, आठवड्यातले चार दिवस सांगलीच्या पेठेत. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "बरोबर बोलतोय म्हातारा! आमची हळद रुमालाखालीच जाते. होऊ द्या."

मग हात कुणाचा घालायचा हा प्रश्न आला. साहेब म्हणाले, मी घालणार नाही, मला त्यातलं कळत नाही. प्रेसिडेंट म्हणाले, मी घातला तर उद्या लोक म्हणतील, मी कमिशन खाल्लं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी मला बाजूला नेलं आणि कानात म्हणाले, "निम्म्याच्या खाली यायचं नाही. तीस. बाकी तुमचं तुम्ही बघा."

गुरुवारी कमिटी बसली. खोलीत खुर्च्या चार, त्यावर मेंबर. आक्का दाराशी जमिनीवर बसली होती, पदराची गाठ मुठीत. मी आणि चाचा मध्ये उभे. चाचाने रुमाल झटकला, माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली स्वतःचा हात घातला. एक बोट म्हणजे दहा, हे ठरलं.

"बोला मुन्शिपाल्टी!" चाचा गरजला.

मी सगळा पंजा धरला. पन्नास.

चाचा दोन पावलं मागे सरला, पण हात रुमालाखालीच. "अल्ला! पन्नास? आरं बाई हाय का टाकसाळ? म्हशीला इचारा, ती तरी कबूल करंल का! बाईकडं वीस हाईत. इसावर तोडा, न्हाईतर म्या हा निगालो!"

मेंबर हसायला लागले. आक्का वाकून बघत होती. मी मनात म्हटलं, चला, आता हा दोन बोटं धरणार, मग मी चार, मग तो अडीच, दुपार जाणार. म्हणून मी आपणच घाई केली आणि तीन बोटं धरली. एकदम शेवटचा भाव.

चाचाची बोटं क्षणभर थांबली. मग त्याने माझी तीन बोटं पकडली, आणि हळूच चौथं पकडलं.

मला वाटलं, म्हातारा चुकला. मी पुन्हा तीन दाबली. त्याने पुन्हा चार दाबली, या वेळी जोरात, आणि वरून ओरडला, "इसाच्या वर एक पै मिळायची न्हाई! ऐकताय का? गरीब बाई हाय, तिचं पोरगं लढाईवर हाय, वीस म्हंजी वीस!"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड रागाने लाल, मिशा थरथरताहेत, पण डोळे माझ्या डोळ्यांत रोखलेले. आणि मग मला उमजलं. वीस आक्काचे. वरचे वीस याचे. आणि ते आक्काला कधीही कळता कामा नयेत; रुमाल त्यासाठीच, आणि मोठ्याने वीस वीसही त्यासाठीच.

आता काय सांगू तुम्हाला! मी तीन दाबत होतो, तो चार दाबत होता. मी चौथं बोट सोडवून घ्यायचो, तो पुन्हा पकडायचा. वर तो "इसाच्या वर न्हाई!" म्हणून बोंबलत होता आणि खाली मला वर वर ओढत होता, आणि मी, नगरपालिकेचा पगारी नोकर, नगरपालिकेचा भाव खाली पाडत होतो. शेवटी मी त्याच्या हाताला चिमटा काढला आणि तीन बोटं गच्च धरून ठेवली. त्याने दोनदा ओढून पाहिलं. मग त्याचा हात सैल पडला. दस्तूचाचाशी केलेल्या सगळ्या सौद्यांत हा एकच मी जिंकलो.

"तुटला!" मी ओरडलो. बाजाराच्या भाषेत तुटला म्हणजे ठरला.

चाचाने रुमाल काढला, खांद्यावर टाकला आणि वळून म्हणाला, "आक्का, इसावर तोडलाय. सोडा गाठ."

आक्काने गाठ सोडली. नोटा घामाने ओल्या झाल्या होत्या. मी साहेबांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "तीस. दहा संध्याकाळपर्यंत येतात." साहेबांनी आक्काच्या हातातल्या नोटांकडे पाहिलं, चाचाच्या रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग टापटीप सही केली आणि मोठ्याने म्हणाले, "बाई, तुमची बाकी फिटली. घर तुमचं." त्या दिवसापासून त्या माणसाबद्दल मी वाईट बोलणं सोडलं.

आक्का उठली, पदर डोक्यावर घेतला आणि चाचाला म्हणाली, "इसाला बी लय म्हागच पडलं. तुमी असताना." आणि गेली. म्हैस धारेला खोळंबली असेल.

संध्याकाळी चाचा माझ्या ओट्यावर आला. कनवटीतून पैसे काढले, माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, "मुन्शिपाल्टी, साडेनवावर तोडा."

मला इतकं हसू लोटलं की बायको बाहेर आली. "अहो चाचा, दुपारी चाळीस द्यायला निघाला होतात! मी तीस म्हणतोय आणि तुम्ही चार बोटं?"

"तिसावर तुमचा सायब पुन्हा इचार करील, कागुद वर धाडील, तवर घर जाईल. चाळिसावर कोन इचार करतंय?" धंद्यातलं गुपित सांगावं तसं तो म्हणाला. खांबाला बांधलेला बैल घंटा वाजवत होता.

"म्या आक्कावर उपकार केलं असं समजू नगा," तो म्हणाला. "आमिना गेली तवापास्नं भाकरीचा भाव म्या सोताशीच करतो. तुमास्नी भिंतीतनं ऐकू येत असंल. सोताशी भाव केला तर मानूस जिकत बी न्हाई, हरत बी न्हाई. चव न्हाई त्याला. दिसभर बाजारात वरडतो, पन घरी आलं की लय एकटं वाटतं, गड्या. सकाळी आक्का येती, दोन शिव्या देती, दीड आना घेती. ती वडूजला गेली तर म्या सकाळी उठायचं कशाला? भाव करायला म्होरं मानूस लागतं." त्याने रुमालाने तोंड पुसलं. डोळेही पुसले, आणि मला दिसलं तरी त्याला त्याचं काही वाटलं नाही.

मी दहाच्या दहा घेतले. अर्धा रुपया त्या दिवशी मी सोडला असता, पण समोरचा माणूस भाव न करताच हरला तर त्याला बरं वाटलं नसतं.

सदा पुढं लढाई संपल्यावर आला. वाळलेला, एक पाय ओढत, पण आला. आणि त्याच दारात आला. चाचाने त्याला कडकडून मिठी मारली आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच्या पलटणीच्या बुटांचा भाव विचारला.

पण मला सांगायचंय ते दुधाचं. तडजोडीनंतर आठ-दहा दिवसांनी मी सकाळी ओट्यावर दात घासत होतो. नेहमीचं भांडण चाललं होतं. दूध निळं, डोळ्यांत फूल, आण्याला अच्छेर, शेळी पाळा. आक्का म्हणाली, "दीड आन्याच्या खाली एक थेंब देनार न्हाई!" आणि माप भरून ओतलं. मग बोलता बोलताच पुन्हा अर्धं भरून ओतलं. तोंड चालूच. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघितलं. तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच.

ती आमच्याकडे आली तेव्हा मी हळूच विचारलं, "आक्का, चाचाला वरचं माप कशाचं?"

तिने आधी चाचाच्या दाराकडे पाहिलं. "साद्या बैलात दोन रुपयं सोडवलं तरी ह्यो मानूस आठ दिस गल्लीला झोपू देत न्हाई. आन् माज्या घराचा एवडा मोठा सौदा जिकला, तर एका शब्दानं बोलला न्हाई कुनाला. मला काय कळत न्हाई व्हय?" "त्येंनी सांगितलं न्हाई, म्या बी इचारनार न्हाई. दूध माजं हाय. म्या किती बी वतीन."

पलीकडे चाचा अजून ओट्यावरच उभा होता. "आक्का, माप लय बारीक झालंय हं तुमचं!" तो तिथूनच ओरडला.

"मंग घिऊ नगा!" आक्का ओरडली.

आणि चाचा काठोकाठ भरलेलं भांडं दोन्ही हातांत धरून, एकेक पाऊल जपून टाकत, आत गेला.